अर्धा सूर खाली

लग्नसराई आली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, ‘तुला दर वर्षी फेब्रुवारी ते मे ताप येतो, फक्त थर्मामीटरला दिसत नाही.’ त्याचं बरोबर आहे. शिक्रापुरात आम्ही राहतो त्या बिल्डिंगच्या पुढं हायवे आहे आणि मागं मंगल कार्यालय. पुढून कंटेनरचे हॉर्न, मागून सनईची रेकॉर्ड. बारा पस्तीसचा मुहूर्त एक वाजता लागतो, मग पंगती बसतात आणि पंगती चालू असताना ऑर्केस्ट्रावाले सुरू होतात. त्यांच्यातल्या कीबोर्डवाल्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याचा डावा हात मला भिंतीतून ऐकू येतो. कॉर्ड बदलायची वेळ आली की तो असा काही आपटतो, की जेवणाऱ्या हजार माणसांना कळलंच पाहिजे, आता बदललं बरं का! मी इकडं भांडी घासताना ओरडते, ‘अरे मेल्या, हळू! कळलं आम्हाला!’

ओरडते खरी, पण मीसुद्धा तशीच वाजवायचे. शिरूरला आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भीमगीतांची पार्टी होती. आबा गायचे, चुलतभाऊ ढोलकीवर आणि कीबोर्डवर मी. सेकंडहँड कीबोर्ड, दोन पट्ट्या बसलेल्या. जयंत्या, लग्नं, नामकरण, पुण्यानुमोदन, जिथली सुपारी मिळेल तिथं जायचं. कुणी शिकवलेलं नव्हतं. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. गाणारा काळी एकमध्ये गाऊ दे की पांढरी पाचमध्ये, आपण बटण दाबून सूर वरखाली करायचा आणि बोटं आपली ओळखीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरच फिरवायची. आमच्याकडं सगळे असंच वाजवतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही आहे, हे मला तेविसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत रमाई जयंतीला आम्ही दौंडला गेलो होतो. रेल्वेवाल्यांची वस्ती, पत्र्याच्या शेडसमोर मांडव. कार्यक्रम दिवसाउजेडी संपला, पोरं खुर्च्या उचलायला लागली, तेवढ्यात मागून एक म्हातारा पुढं आला. डोक्यावर हॅट, पायात पॉलिश केलेले बूट, पँट छातीपर्यंत वर ओढलेली. मला वाटलं, काही तक्रार आहे. तो कीबोर्डपाशी आला, माझ्या डाव्या हाताकडं बोट केलं आणि म्हणाला, ‘ये हात को इतना गुस्सा क्यूं आता है?’

हे ऑस्टिन सर, अँग्लो-इंडियन. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. आईबाप, आजोबा सगळे रेल्वेत, सगळ्यांचा जन्म दौंडचा. त्यांच्या नात्यागोत्यातले लोक कधीच परदेशी निघून गेले होते, हे एकटेच चर्चच्या मागच्या गल्लीत राहिले होते. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शनिवारी नाच असायचा, तिथं ते पियानो वाजवायचे. मराठी बोलायचे ते रेल्वेचं, त्यात हिंदी कालवलेलं, आणि बाई असो की बाप्या, सगळ्यांना ‘तू आला, तू गेला’. माझं नाव वंदना. त्याचं त्यांनी जागच्या जागी ‘वॅन्डा’ करून टाकलं. एक गोष्ट मात्र मला तिथल्या तिथं खटकली, म्हणजे चांगल्या अर्थानं. नाव सांगितल्यावर त्यांनी आडनाव विचारलं नाही. गाव कोणतं, तेही नाही. आमच्याकडं नावानंतर आडनाव विचारलं जातंच, आणि आडनाव कळल्यावर समोरचा पाण्याचा तांब्या कसा धरतो ते मी लहानपणापासून बघत आले होते. या माणसाला फक्त माझ्या डाव्या हाताची चौकशी करायची होती.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी दौंडला जायला लागले. शिरूरहून न्हावरा, मग चौफुला, तिथं गाडी बदलून दौंड. रानातला ऊस गेलेला असायचा आणि पाचट पेटवलेल्याचा धूर बसमध्ये शिरायचा. खिडकीची काच कधी वर जायची नाही, गेली तर खाली यायची नाही. चौफुल्याला रसवंतीचं घुंगरू वाजायचं आणि मी त्यावर मनात ठेका धरून बोटं मांडीवर चालवायचे. शेजारची बाई विचारायची, ‘काय गं, हाताला मुंग्या आल्यात का?’ मी हो म्हणायचे. पियानो शिकायला चाललेय असं सांगितलं असतं तर ती बाई पुढच्या सीटवर जाऊन बसली असती.

सरांच्या घरात तो पियानो खोलीतली निम्मी जागा अडवून उभा होता. इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा भंगारात निघालेला, सरांनी हमालांकडून ओढत आणलेला. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. आत डांबराच्या गोळ्या, आणि उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून खालच्या बाजूला पाण्याचं भांडं ठेवलेलं. झाकण उघडलं की डांबर, धूळ आणि जुन्या लोकरीचा वास एकदम अंगावर यायचा. पहिल्यांदा मी एक पट्टी दाबली आणि आवाज आला तो स्पीकरमधून नाही, लाकडातून. खोटं कशाला सांगू, त्या क्षणाला मला आमच्या कीबोर्डची किळस आली.

सरांनी पहिल्या दिवशी माझा डावा हात माझ्याच पाठीमागं ठेवायला लावला. ‘हा आजपासून सस्पेंड,’ म्हणाले. मग उजव्या हातानं, एका वेळी एकच स्वर, आणि त्यातून कॉर्ड कळली पाहिजे. मला वाटलं, म्हातारा सरकलाय. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम. एकट्या स्वरातून ती कशी कळणार?

कळते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं, पण कळते. डी मायनर म्हणजे रे, म, ध आणि वर सा. त्यानंतर जी सेव्हन येते, तिच्यात नी आहे. मग सी येते, ती आपलं घर, तिच्यात ग आहे. आता गंमत बघा. पहिलीतला सा फक्त एक पट्टी खाली उतरला की नी होतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं, बदललं. मग दुसरीतला म एक पट्टी उतरून ग होतो, आणि ऐकणारा घरी पोचतो. एवढंच. अर्धा अर्धा सूर. बाकीच्या स्वरांनी काय वाटेल तो धिंगाणा घालावा, उड्या माराव्यात, उलटं चालावं, पण बदलायच्या क्षणाला हा एक स्वर जागेवर उतरला पाहिजे. साथ नसली तरी साथ ऐकू येते. सर म्हणायचे, ‘सांधा बदलते वक्त पॅसेंजर को झटका नाय लागला पाहिजे. पण गाडी दुसऱ्या लाईनवर गेली पाहिजे.’

मग परीक्षा. सर व्हरांड्यात माझ्याकडं पाठ करून लसूण सोलत बसायचे आणि मी आत एका हातानं जे सुचेल ते वाजवायचे. ते बाहेरून ओरडायचे, ‘डी मायनर! जी! सी! ए! शाब्बास!’ आणि जिथं त्यांना कळायचं नाही तिथं गार्डची शिट्टी फुंकायचे. खरी शिट्टी, रेल्वेची. शेजारचं कुत्रं भुंकायला लागायचं, समोरची म्हातारी दारात येऊन शिव्या घालायची. पहिल्या दिवशी शिट्टी किती वेळा वाजली ते मोजलंच नाही. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी अख्खा लसूण सोलून झाला आणि शिट्टी वाजलीच नाही. सर आत आले, हाताला लसणाचा वास, डोळ्यांत पाणी. ‘गार्लिक,’ म्हणाले. मी पण मान्य केलं, गार्लिक.

त्या आनंदाबद्दल मला आजही कुणाशी धड बोलता येत नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणतो, ‘हां, म्हणजे तू चांगलं वाजवायचीस.’ चांगलं नव्हे रे बाबा! मी त्या आधी फक्त गाण्याच्या मागं चालत होते. तेव्हा पहिल्यांदा मी पुढं जाऊन वळण दाखवलं आणि एक माणूस, पाठमोरा बसून, माझ्यामागून बरोबर वळला.

घरी सराव करताना एक घोटाळा व्हायचा. तेच स्वर मी कीबोर्डवर वाजवले की कानाला चढे लागायचे. मी ठरवून टाकलं, कीबोर्ड बिघडलाय. सेकंडहँड माल, दोन पट्ट्या बसलेल्या, त्याच्याकडून अपेक्षा ती काय! सरांचा तो खरा पियानो, साहेबांच्या काळातला. खोटं असेल ते आमच्याकडचंच असेल, हे माझ्या मनात इतकं पक्कं होतं की शंकासुद्धा आली नाही. मी ट्रान्सपोजचं बटण एकदा खाली दाबलं, अर्धा सूर उतरवला, आणि सरांच्या पियानोशी जुळवून घेतलं. पार्टीत वाजवताना आबांसाठी ते परत वर करायचे, घरी आले की खाली. रोज तीन-चार तास, तीन महिने, मी त्या उतरलेल्या सुरात राहिले.

आबा एकदा दौंडला आले होते. एका लग्नाची सुपारी ठरवायला आले आणि जाताना मला घेऊन जाऊ म्हणून सरांच्या घरी थांबले. व्हरांड्यात सरांच्या शेजारी अवघडून बसले, टोपी गुडघ्यावर. मी आत वाजवत होते, आणि जरा जास्तच वाजवत होते, आबांना दाखवायला. आबा हळू आवाजात स्वतःशी सूर धरत होते. त्यांना पट्टी कुणी द्यावी लागायची नाही, काळी चार म्हटलं की गळ्यातून काळी चारच यायची, पहाटे उठवून विचारलं तरी. थोड्या वेळानं ते दारात आले.

‘वंदे, ह्यो पेटारा उतरल्याला हाय गं.’

‘काय?’

‘अर्धा सूर. खाली हाय समदा. इच्यार साहेबास्नी.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांसमोर! मी म्हणाले, ‘आबा, तुम्हाला काय कळतंय पियानोतलं? हार्मोनियम आहे का ही?’ आणि हे मी हळू आवाजात म्हटलं नाही. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सरांकडं. सर लसणाच्या ताटात बघत होते. एक पाकळी सोललेली होती तीच परत सोलत होते. आबा म्हणाले, ‘न्हाई न्हाई, तसं न्हवं. मला आपलं वाटलं.’ आणि टोपी घालून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. 

मी हे लिहितेय तेव्हा मागच्या कार्यालयात वधूपक्षाचं कुणीतरी माईकवरून हॅलो हॅलो करतंय. कीबोर्डवाला त्याच्यामागं धप धप. मला राग येतो तो कुणाचा, हे मी इतकी वर्षं तपासून बघतेय. आबांचा तर नाहीच. माझा येतो, भरपूर येतो. पण एकटीचा नाही.

ईस्टरला सरांकडं पुण्याहून पाहुणा आला. त्यांच्या जुन्या मित्राचा मुलगा, पुण्यातल्या हॉटेलांमध्ये बेस गिटार वाजवणारा, म्हणजे बेसवाला. चौघांचा ग्रुप होता त्यांचा, पियानोवाला दुबईला निघाला होता. त्यानं माझं ऐकलं. त्याचा बेस त्या दिवशी सोबत नव्हता, म्हणून त्यालाही काही कळलं नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, मे महिन्यात या. जमलं तर जूनपासून आमच्याबरोबर.’

जूनपासून! मला ईस्टरच्याच महिन्यात एक स्थळ आलं होतं, एका मामांनी आणलेलं, आणि मी घरात सांगून टाकलं, माझं पुण्याचं होऊ दे, मग बोला. शिरूरच्या आमच्या गल्लीतली मुलगी पुण्याच्या हॉटेलात पियानो वाजवणार, कुणाच्या लग्नात नाही, कुणाच्या पंगतीसाठी नाही, कुणी ‘ए पेटीवाली’ म्हणणार नाही. मी रात्रंदिवस तेच बघत होते. एवढं काही मला आयुष्यात नंतर कधी हवंसं वाटलेलं नाही. पोराच्या वेळी डोहाळे लागले तेव्हासुद्धा नाही.

मे महिन्यात ठरलेल्या दिवशी मी दौंडहूनच रेल्वेनं पुण्याला गेले. आदल्या दिवशी सरांकडं शेवटचा सराव केला होता आणि वस्तीतल्या एका मावशीकडं राहिले होते. सर स्टेशनवर आले. हॅट, बूट, आणि कोटाच्या खिशातून काढला तो हिरवा झेंडा. नोकरीतला, जपून ठेवलेला. गाडी हलली तेव्हा त्यांनी तो उघडून धरला. प्लॅटफॉर्मवरचे लोक हसत होते. मी दारात उभी राहून रडत होते. इतका छान निरोप मला कुणी दिला नव्हता.

हॉटेलच्या लॉबीत दुपारी तीन वाजता कुणी नव्हतं. एसीनं माझी बोटं गार पडली. काळा कुळकुळीत मोठा पियानो, त्यात माझा चेहरा दिसत होता. बेसवाला, ड्रमवाला आणि गाणाऱ्या एक बाई. मी एक पट्टी दाबली, ती चढी लागली. दुसरी, तीही चढी. सगळा पियानो अर्धा सूर वर. मी घाबरून विचारलं, ‘याला ट्रान्सपोजचं बटण कुठाय?’

ड्रमवाला आधी हसला. मग त्या बाई. बेसवाला हसला नाही, तो खाली बघायला लागला, आणि ते जास्त लागलं. पियानोला बटण नसतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. तीन महिने पियानोवरच बसत होते ना! पण घाबरलेलं माणूस जे रोज करतं तेच करतं.

‘सी मेजर, मॅडम. चला.’ बेस सुरू झाला. मी डावा हात मागं घेतला आणि सरांनी शिकवलं तसं सुरू केलं. बोटांना पाठ असलेलं होतं तोवर ठीक होतं. मग माझं स्वतःचं सुरू झालं, आणि स्वतःचं वाजवायचं म्हणजे कान आधी ऐकतो, बोट मागून जातं. कानानं ग मागितला. सरांच्या पियानोवर तो आवाज ज्या पट्टीतून यायचा, तीच पट्टी बोटानं दाबली, आणि इथं त्या पट्टीत म होता. नी मागितला, सा आला. कळतंय का काय होत होतं ते? जो स्वर अर्धा सूर उतरला की बदल कळतो, तोच माझ्या हातून उतरत नव्हता. बेस डी वरून जी वर गेला, जी वरून सी वर गेला, घरी पोचला, आणि मी बाहेरच. मला ऐकू येत होतं की चुकतंय. दुरुस्त करायला गेले की कान परत त्याच पट्टीवर ढकलायचा. दोनदा थांबलो, दोनदा सुरू केलं. शेवटी बेसवाला सौजन्यानं म्हणाला, ‘मॅडम, चेंजेस ऐकू येत नाहीत.’

नेमकं तेच. बाकी काहीही म्हणाला असता तर चाललं असतं. घाबरलात, हात बसला नाही, अजून रियाज हवा. पण तीन महिने ज्यासाठी शिट्ट्या ऐकल्या तेवढं एकच मला येत होतं, आणि तेवढंच आलं नाही.

घरी येऊन मी कीबोर्ड लावला आणि बटण शून्यावर आणलं. दाबलं. हॉटेलातला पियानो, हुबेहूब. मग एक खाली. सरांचा पियानो. परत शून्य. परत खाली. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना सगळं कळलं असणार. ‘मी तवाच म्हनलं हुतं’ असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. ते म्हणाले, ‘वंदे, उद्या भांडगावला सुपारी हाय. लवकर निघायचंय.’ आणि मी दुसऱ्या दिवशी भांडगावला एका मांडवात सहा तास वाजवलं, दोन्ही हातांनी.

पुढच्या मंगळवारी मी दौंडला गेले ती भांडायलाच. सर व्हरांड्यात होते, ताटात लसूण तयार.

‘सर, तुमचा पियानो अर्धा सूर खाली आहे.’

‘हां.’

हां! बस, एवढंच. मला वाटलं होतं ते चकित होतील, नाही म्हणतील, माझ्यावर ओरडतील.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘तीस साल हुआ. ट्यूनर बोलला, तार ताणेल तर तुटेल, नीचेच राहू दे. मेरी मिसेस होती तेव्हा.’

‘मग मला का नाही सांगितलं?’

त्यांनी एक पाकळी सोलून ताटात टाकली. मग म्हणाले, ‘पहिल्या दिवशी बोलणार होतो. वाटलं, शुक्रवारी बोलू. शुक्रवारी तू आला. मग वाटलं, मंगळवारी.’

‘आणि मी पुण्याला निघाले तेव्हा?’

‘तू बहुत खूश होता, वॅन्डा.’

‘झेंडा दाखवलात तुम्ही मला!’

लसणाचं ताट बाजूला ठेवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि जे म्हणाले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणाले, ‘सांगितला असता तर तू दुसरा पियानो शोधला असता. इधर कौन आता?’

मी उठले आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत वाटत होतं, शिट्टी वाजेल. वाजली नाही. मी परत कधी गेले नाही. त्यांनी वस्तीतल्या मावशीकडं दोनदा निरोप दिला, वॅन्डाला सांग, ट्यूनरला बोलावतोय. मी उत्तर दिलं नाही. मला बरं वाटायचं, म्हातारा मंगळवारी दाराकडं बघत बसला असेल या विचारानं. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटायचं. दीड वर्षानं ते गेल्याचं कळलं, तेही पंधरा दिवस उलटून गेल्यावर. आबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. त्यांची माफी मागायची राहून गेली. लग्न होऊन मी जाईपर्यंत ते शेजारच्या खाटेवरच होते रोज, पण नाही मागितली.

सरांचा पियानो मला नंतर एकदा दिसला. सोलापूर रोडला भांडगावच्या पुढं एका हॉटेलच्या दारात, पांढरा रंग मारलेला, वर प्लास्टिकची फुलं, शेजारी फोटो काढायला पाळणा. एक बाई पट्ट्यांवर हात ठेवून पोज देत होती. पट्ट्या दाबल्याच जात नव्हत्या. आम्ही मिसळ खाल्ली आणि निघालो. नवऱ्यानं विचारलं, ‘काय गं, तिखट लागली का?’

स्थळ आलं होतं त्याच माणसाशी मी लग्न केलं. माणूस चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. शिक्रापुरात आल्यावर मी खालच्या गाळ्यात कीबोर्डचा क्लास काढला. कंपन्यांमधल्या लोकांची पोरं येतात, एक गाणं बसवतात, गॅदरिंगला वाजवतात आणि पुढच्या वर्षी क्रिकेटला जातात. कुणाला कॉर्डचं काही पडलेलं नाही. मी पण शिकवत नाही. वाढदिवसाचं गाणं शिकवते.

मग दोन वर्षांपूर्वी ज्योती आली. परभणीकडची, चोवीस-पंचवीसची, रांजणगावला एका कंपनीत लाईनवर उभी असते. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमधून उतरून थेट क्लासला, कपाळावर टोपीचा वळ तसाच. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, ‘मॅम, ते बटण दाबायचं नसलं तर कसं वाजवायचं?’ माझ्या हातातला डस्टर खाली पडला. त्या दिवसापासून मी तिला सगळं द्यायला लागले. बाराही पट्ट्यांतून. डावा हात सस्पेंड. एक स्वर, आणि त्यातून वळण. मी तिच्याकडं पाठ करून मेथी निवडत बसते आणि कॉर्डची नावं ओरडते. कीबोर्ड सुरात आहे, मी रोज तपासते. या एका बाबतीत मला कुणी नाव ठेवू शकणार नाही.

गेले सहा महिने माझं एकही नाव चुकलेलं नाही, कारण तिचा एकही स्वर चुकलेला नाही. आणि आता ती मला माहीत नसलेल्या वाटांनी जाते. मी मेथी निवडायची विसरते. घरी दोघं असतात, नवरा आणि मुलगा, दोघंही माझे आहेत, पण चार ते साडेपाच एवढाच वेळ मी या गावात खरोखर कुणाशी बोलते.

परवा ती आली तेव्हा मागं कार्यालयात वरात निघत होती, म्हणून दार लावून घेतलं. ती म्हणाली, तिच्या मैत्रिणीनं तिचा व्हिडिओ पुण्यातल्या एका ग्रुपला पाठवला. त्यांनी रविवारी बोलावलंय, खऱ्या पियानोवर. जमलं तर ती कंपनी सोडून पुण्यालाच राहणार. हे सांगताना ती बसली नाही, उभीच होती.

‘मॅम, खरं सांगा. मी तयार आहे का?’

मी म्हणाले, वाजव. तिनं वाजवलं. मी तिच्याकडं पाठ करून बसले आणि एकही नाव ओरडले नाही, कारण गरजच नव्हती. मागच्या कार्यालयातल्या स्वयंपाक्यालासुद्धा कळलं असतं. ती तयार होती. मी कधी होते त्याहून कितीतरी तयार. तिनं हात खाली घेतले आणि वाट बघत राहिली.

‘अजून कच्ची आहेस ज्योती,’ मी म्हणाले. ‘हा सीझन जाऊ दे.’

तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग तिनं मोबाईल काढला आणि माझ्यासमोरच त्या लोकांना मेसेज टाकला, रविवारी येत नाही म्हणून. मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडं बघून हसली.

‘बरं झालं मॅम, तुम्हाला विचारलं.’